विश्वजीतचा पायगुण

विश्वजीतचा निबंध सोमवारी कॉलेजच्या भित्तिपत्रकावर लागला आणि गुरुवारी त्याला कॉलेजच्या मैदानावर पाय ठेवायला बंदी झाली. निबंधात राजकारण नव्हतं, कुणाची बदनामी नव्हती. मुलीचं नाव एकच होतं, आणि तेही ती खो-खो खेळताना पडली म्हणून आलं होतं.

विश्वजीत तासगावच्या बाजूचा. वडिलांची द्राक्षबाग, शाळा गावातलीच, पाचवी ते बारावी एकाच इमारतीत. पुढच्या शिक्षणाला त्याला साताऱ्यात मामाकडे ठेवलं होतं. कॉलेजच्या पहिल्या आठवड्यात मराठीच्या गुणमाला मॅडमनी, मुलांची ओळख व्हावी म्हणून, ‘शाळेतले दिवस आणि माझे आवडते संघ’ असा विषय दिला. बाकीच्या मुलांनी शाळेला मंदिर केलं, फळ्याला गुरू केलं, आणि निरोप समारंभापाशी येऊन सगळी रडली. विश्वजीतला ते जमत नसे. वडील फवारणीची वही लिहायचे, कुठल्या तारखेला कुठलं औषध मारलं आणि पुढे काय झालं, तसा त्याने निबंध लिहिला.

‘शाळेत आमचे चार गट होते. मी आणि धन्यकुमार एका बाकावर बसायचो आणि दोघेही प्रतापगड गटात होतो. पाचवी ते दहावी प्रतापगड गट शेवटचा आला. सातवीत एकदा दुसरा आला होता, पण तेव्हा मला कांजिण्या झाल्या होत्या. आमच्या मुलींचा खो-खोचा संघ तालुक्यात पहिला आला. जिल्ह्याच्या स्पर्धेला मी बघायला गेलो. अंकिता पहिल्याच डावात पडली. गावच्या कबड्डी मंडळाने यात्रेतली ढाल माझ्या जन्माच्या आदल्या वर्षापर्यंत सलग जिंकली, असे आजोबा सांगतात. आयपीएलमध्ये मी ज्या वर्षी ज्या रंगाचा टी-शर्ट घेतला, त्या वर्षी त्या रंगाचा संघ लवकर घरी गेला. अकरावीत विश्वचषक झाला. भारताने सलग दहा सामने जिंकले. आमची छाटणी आणि फवारणी चालू असल्यामुळे मला एकही बघता आला नाही. अंतिम सामन्याच्या दिवशी वडील म्हणाले, आज काम राहू दे, मॅच बघ. मी पहिल्या चेंडूपासून बसलो. माझा संघ जिंकताना एकदा तरी समोर बसून बघायचा, एवढी माझी इच्छा आहे.’

मॅडमनी खाली लाल शाईने ‘अलिप्त शैली. उत्तम.’ असा शेरा मारला आणि दोन महिन्यांनी निबंध भित्तिपत्रकावर लावायला दिला. भित्तिपत्रकाची जागा कॅन्टीनच्या दाराशी. एरवी त्यावरच्या पावसाच्या कविता कुणी वाचत नसे. पण चहाची रांग नेमकी तिथून जाते, आणि रांगेत उभ्या माणसाला समोर जे असेल ते वाचावंच लागतं. मंगळवारी रांगेत रविराज होता.

रविराज तिसऱ्या वर्षाला आणि कबड्डी संघाचा कप्तान. डाव्या कोपऱ्यातून त्याने घोटा धरला की चढाईपटू जागेवर बसायचा. त्याने निबंध एकदा वाचला, चहा घेतला, परत येऊन पुन्हा वाचला. शनिवारी एका साध्या तालमीच्या पोरांशी सरावाचा सामना होता. कॉलेज तो बारा गुणांनी हरलं होतं, आणि का हरलो याचं उत्तर तीन दिवस कुणाला सापडत नव्हतं.

“रोज त्या चिंचेखाली एक पोरगं हुबं असतंय, ते कोन रं?” त्याने संघातल्या पोरांना विचारलं.

“फर्स्ट इयरचा हाय. तासगावकडचा. लय आवड हाय त्याला, एक दिवस चुकवत न्हाई.”

“एक दिवस चुकवत न्हाई,” रविराज स्वतःशीच म्हणाला.

गुरुवारी त्याने विश्वजीतला फाटकातच गाठलं.

“भित्तिपत्रकावरचा विश्वजीत तूच का?”

“व्हय दादा.”

“निबंध लय झ्याक लिवलायस.”

“थँक्यू दादा.”

“उद्यापास्नं ग्राउंडवर यायचं न्हाई.”

विश्वजीतला आधी वाटलं, दादा चेष्टा करतोय. मग त्याने दादाच्या तोंडाकडे बघितलं. “पन मी खेळत न्हाई दादा. मी नुसता बघतोय.”

“तेच म्हंतोय मी. बघायचं न्हाई.”

पायगुण नव्या सुनेचा बघतात, नव्या बैलाचा बघतात, फार तर बदलून आलेल्या तलाठ्याचा बघतात. बी.ए. भाग एकच्या विद्यार्थ्याचा पायगुण त्या कॉलेजात पहिल्यांदाच बघितला गेला. आणि पुरावा काय, तर खुद्द आरोपीने सहीनिशी लिहून दिलेला कबुलीजबाब, वर मॅडमचा उत्तम शेरा.

मामाच्या घरी तरी या गोष्टीचा निकाल लागेल असं विश्वजीतला वाटलं होतं. उदयसिंहमामा सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. मिशा आणि शिस्त दोन्ही शाबूत. विश्वजीतने जेवताना सगळी हकीकत सांगितली.

“सब बकवास हाय,” मामा म्हणाले. “फौजेत असलं काय चालत न्हाई. जवानाचं काम गोळी मारायचं. पायगुन बघत बसलो असतो तर सियाचिनला कोन चढला असता?”

“आवं, मग मॅचच्या टायमाला डाव्या खांद्यावर टॉवेल कशाला घेता?” संयोगितामामींनी भाकरी थापता थापता विचारलं.

“ते वेगळं. ती सवय हाय.”

ही सवय मोठी होती. भारताचा सामना असला की मामा दिवाणाच्या उजव्या टोकाला बसत, एक पाय खाली, एक पाय पाटावर, खांद्यावर टॉवेल. कुठल्याशा सामन्यात ते असे बसले होते आणि भारत जिंकला होता. मामी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभ्या असताना षटकार बसला, तर तो फलंदाज बाद होईपर्यंत त्यांना उंबरा सोडायची परवानगी नसे. एकदा एका शतकापायी कुकरच्या अकरा शिट्ट्या झाल्या होत्या आणि त्या दिवशी घरात डाळीचं पिठलं खाल्लं गेलं.

रविवारी सामना लागला. विश्वजीत मामांच्या शेजारी जाऊन बसला आणि गडी बाद झाला. तो पाणी प्यायला आत गेला, चौकार बसला. तो तांब्या घेऊन बाहेर आला, दुसरा गडी बाद झाला. मामांनी खांद्यावरचा टॉवेल सारखा केला आणि थोडा वेळ छताकडे बघितलं.

“विशू, घरात दही हाय का रं?”

“भांडंभर हाय की,” आतून मामी म्हणाल्या.

“कमी पडंल. जा विशू, दही घेऊन ये. चौकातलं नको, पातळ असतंय. पोवई नाक्याच्या पलीकडं एक डेअरी हाय, तिथनं आन. आनि सावकाश ये. पळत आनलेलं दही हिंदकळतंय.”

विश्वजीत सावकाश गेला आणि सावकाश आला. भारत सात गडी राखून जिंकला होता. मामा त्याच्याकडे न बघता म्हणाले, “दही झ्याक हाय.”

मालिका पाच सामन्यांची होती. पहिल्या सामन्याच्या दह्याची मामींनी कढी केली, दुसऱ्याच्या दह्याचं ताक करून शेजारी वाटलं, तिसऱ्याचं श्रीखंड केलं. चौथ्या सामन्याला त्या पदर खोचून बाहेर आल्या. “त्याला पुस्तकं आनाय पाठवा, बटाटं आनाय पाठवा. दही कुठं घालू आता, माझ्या डोक्यावर?”

“प्लॅन बदलायचा न्हाई,” मामा म्हणाले. “जीत रहे हैं.”

विश्वजीतने वाद घातला नाही. कुणाच्या आनंदात आपण नसलो की तो आनंद जास्त होतो, हे त्याने प्रतापगड गटात असतानाच मान्य केलं होतं. फक्त डेअरीच्या बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसलेलं असताना आसपासच्या घरांतून ओरडण्याचा आवाज आला, की तो पिशवीची गाठ पुन्हा घट्ट करायचा. जिंकत सगळे होते. बघणारे सगळे होते. आपण दही सांभाळत होतो. त्याला खरंच वाईट वाटायचं.

प्रकरण एवढ्यावर थांबलं असतं. पण रविराजचं घर मामांच्या मागच्याच गल्लीत होतं आणि मामा त्याच्या वडिलांच्याच पलटणीतले. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा तोंडावर आल्यावर रविराज मामांचा आशीर्वाद घ्यायला आला आणि बोलता बोलता विश्वजीतचा विषय निघाला. विश्वजीत तिथेच बसून अभ्यास करत होता, याची दोघांनाही अडचण वाटली नाही.

“ग्राउंडवर बंदी घातलीया मामा, पन तरी धाकधूक हायच,” रविराज म्हणाला. “कंपाउंडच्या भायेरनं जरी बघितलं तरी लागू व्हत असंल, काय सांगावं.”

मामांनी मिशीवरून बोट फिरवलं. “पोरा, तोफ चांगली हाय. तू तिला आपल्याच छावनीत झाकून ठेवलीयास. तोफेचं तोंड दुश्मनाकडं फिरवायचं असतंय.”

रविराजने विश्वजीतकडे बघितलं. आजवर त्याच्याकडे इतक्या आदराने कुणी बघितलं नव्हतं.

स्पर्धेचे पहिले सामने साताऱ्यातच होते. कराडच्या एका कॉलेजशी सामना होता, त्या दिवशी विश्वजीत कराडच्या पोरांमध्ये बसला. कराड हरलं. वाईच्या कॉलेजशी सामना होता, तेव्हा तो वाईच्या पोरांमध्ये बसला. वाई जवळजवळ जिंकलंच होतं. शेवटच्या मिनिटाला साताऱ्याने एका गुणाने सामना काढला. संध्याकाळी चौकशी बसली.

“मनापास्नं वरडलास का?” रविराजने विचारलं.

“न्हाई दादा. शेंगा खात बसलो हुतो. मला त्यातलं कोन वळखीचंच न्हवतं.”

“असं चालतंय व्हय? आवडत्याच संघाला तुझा गुन लागतोय, निबंधात तूच लिवलंयस. त्यांची आवड निर्मान झाली पायजे. नुसतं बसून काय उपयोग? फायनलला अभ्यास करून जायाचं.”

अंतिम सामना सांगलीच्या एका कॉलेजशी होता, आणि सांगलीतच. रविराजने कुठून तरी त्या संघाची यादी मिळवली आणि विश्वजीतला पाठ करायला दिली. नाव, वजन, कुठल्या बाजूने चढाई करतो, शेवटी आवडण्यासारखं काही असेल तर ते. एकापुढे लिहिलं होतं, ‘हसतो चांगला.’ यादीत सगळ्यात खाली, राखीव खेळाडूंत, एक नाव वाचून विश्वजीत थबकला.

“दादा, ह्यो धन्यकुमार माझ्या बाकावरचा हाय. शाळंतला.”

“मग तर लय बेस झालं. आवडाय सोपं जाईल.”

सामन्याच्या दिवशी सकाळी संघाची गाडी सांगलीला पोचली. कॉलेजच्या अलीकडच्या चौकात विश्वजीतला उतरवलं. अंगात त्याला मोरपंखी टी-शर्ट घालायला लावला होता, तो सांगलीच्या कॉलेजचा रंग. रविराजने खिडकीतून त्याचा हात धरला. “विश्वजीत, आता सगळं तुझ्यावर हाय. जीव लावून प्रेम कर.”

सांगलीच्या पोरांनी त्याला लगेच जागा दिली. बोलीवरून तो आपल्याच भागातला आहे हे त्यांनी ओळखलं. एकाने भेळेचा कागद पुढे केला, तासगावचा म्हटल्यावर दुसऱ्याने यंदा बेदाणा कसा काय म्हणून विचारलं. साताऱ्यात चार महिने झाले, पण त्याला बेदाण्याचं कुणी विचारलं नव्हतं. तरी विश्वजीत कर्तव्याला चुकला नाही. शिट्टी झाल्यावर तो ‘सांगली, सांगली’ म्हणून घसा फोडू लागला. मन मात्र ऐकेना. समोर रविराजने पहिली पकड केली तेव्हा तोंडातून ‘अरेरे’ निघालं आणि आत कुठेतरी टाळी वाजली. चिंचेखाली उभं राहून त्याने या सातही जणांचा सराव दोन महिने बघितला होता. कुणाचा कुठला गुडघा दुखतो हेही त्याला ठाऊक होतं. यादी पाठ करून असं प्रेम उलटं फिरत नाही. तो बाहेरून सांगलीचा आणि आतून साताऱ्याचा होऊन बसला, आणि आता आपल्यामुळे सातारा बुडणार म्हणून त्याला घाम फुटला.

मध्यंतराला सातारा एकोणीस, सांगली बारा.

पलीकडून रविराजने त्याच्याकडे बघून अंगठा वर केला. विश्वजीतनेही केला. हिशेब कुठेतरी चुकत होता, पण त्यावर विचार करायला वेळ मिळाला नाही, कारण पाठीवर थाप पडली.

“आरं विशू? तू हितं कसा? तू साताऱ्याला हाईस न्हवं?”

धन्यकुमार. उंची वाढली होती, कान तेच होते. अंगावर मोरपंखी जर्सी, आणि जर्सीवर खेळल्याची एक खूण नव्हती.

“व्हय. पन आलो,” विश्वजीत म्हणाला.

“आमच्या रंगाचा टी-शर्ट घालून?” धन्यकुमारचा आवाज एकदम मऊ झाला. “माझ्यासाठी आलास व्हय रं? आमच्या घरचं सुदिक कोन आलं न्हाई. आई म्हनली, तुला उतरवत तर न्हाईत, कशाला येऊ.”

विश्वजीतने टी-शर्टाची कड खाली ओढली. खरं सांगायची सोय नव्हती आणि खोटं बोलवेना.

“तीन म्हैनं झालं गड्या, बाकावरच हाय,” धन्यकुमार म्हणाला. “शाळंत आपुन शेवटचं यायचो, पन मैदानात तरी आसायचो. हितं मी पान्याच्या बाटल्या द्यायचं काम करतोय.”

“मी दही आनतोय,” विश्वजीत म्हणाला.

“काय?”

“काय न्हाई. उतरवतील तुला.”

आणि त्याला उतरवलं. दुसऱ्या डावाच्या पाचव्या मिनिटाला सांगलीचा मुख्य चढाईपटू पाय मुरगळून बाहेर आला. प्रशिक्षकांनी बाकाकडे बघितलं, बाकावर चढाई करणारा एकटा धन्यकुमारच होता. तो धावत आत गेला आणि रेषेवर उभा राहून त्याने मातीला हात लावून कपाळाला लावला. प्रतापगड गटाकडून उतरताना तो नेहमी असंच करायचा, आणि नेहमी बाद होऊन यायचा.

पहिल्या चढाईत त्याने बोनस घेतला. दुसऱ्या चढाईत एक गडी टिपला. विश्वजीतचं ओरडणं थांबलं होतं. तो गुडघ्यावर कोपरं रोवून पुढे झुकला होता, आणि समोरचे सात साताऱ्याचे की कुठले हे त्याला आता दिसतच नव्हतं. त्याला दिसत होता फक्त एक लांब कानांचा पोरगा, ज्याने सहा वर्षं त्याच्या डब्यातली शेंगांची चटणी खाल्ली होती आणि त्याच्या इतकाच हरला होता. तिसऱ्या चढाईला धन्यकुमार दोन गडी घेऊन परत आला, तेव्हा विश्वजीत उभा राहिला. नंतर तो बसलाच नाही. कराड नाही, वाई नाही, या खेपेला तो खरोखर, पोटातून, विरुद्ध संघाचा झाला होता. आणि त्याला त्याची भीतीही वाटली, कारण आता धन्या बुडणार.

एकोणतीस-एकोणतीस झालं आणि शेवटची चढाई धन्यकुमारची आली. समोर साताऱ्याचे चार गडी उरले होते, डाव्या कोपऱ्यात रविराज. विश्वजीतने डोळे मिटून घेतले. बघितलं नाही तर कदाचित लागू होणार नाही. मग त्याला वाटलं, आयुष्यभर हेच करायचं का. त्याने डोळे उघडले.

रविराजने घाई केली. धन्यकुमारचा पाय अजून पुढे यायचा होता, तेवढ्यात त्याने घोट्यावर झेप घेतली. हातात आली ती माती. धन्यकुमार त्याच्या पाठीवरून उडी मारून मधल्या रेषेपलीकडे पडला आणि पडल्या पडल्या त्याने प्रेक्षकांत कुणाला तरी शोधलं.

सांगली तीस, सातारा एकोणतीस.

विश्वजीत ओरडला की नाही हे त्याचं त्याला आठवत नाही. त्याला एवढंच कळलं की कुणी तरी त्याला उचललं आहे, भेळेचा कागद कुणाच्या तरी डोक्यावर पडला आहे, आणि आपण ज्या संघावर जीव टाकला तो संघ आपल्या डोळ्यांदेखत जिंकला आहे. अठरा वर्षांत पहिल्यांदा. त्याला इतका आनंद झाला की त्याने ओळख ना पाळख अशा एका पोराचा मुका घेतला.

शुद्धीवर आल्यावर मात्र त्याने हिशेब मांडला. पहिल्या डावात मन साताऱ्याकडे होतं, सातारा पुढे होता. दुसऱ्या डावात मन सांगलीकडे गेलं, सांगली जिंकली. म्हणजे पायगुण होता, पण उलटा होता. की नव्हताच? नसेल तर प्रतापगडचं काय, आणि असेल तर आज सातारा हरला तो आपण मन काढून घेतल्यामुळे. कसंही धरलं तरी दोष आपल्याकडेच येत होता. या गोष्टीची त्याला गंमत वाटली.

परतीच्या गाडीत मोरपंखी टी-शर्टावरून त्याने स्वेटर चढवला होता. गाडी उसाच्या ट्रॅक्टरमागे अडकली होती. मागच्या बाकावरून एकदोनदा ‘दादानं घाई केली’ असं दबक्या आवाजात ऐकू आलं. रविराज पुढे एकटा बसला होता. त्याने डबाही उघडला नव्हता. डाव्या हाताच्या बोटांत अजून माती होती आणि तो ती नखाने काढत होता. तीन वर्षं त्याचा हात सुटला नव्हता, असं पोरं सांगायची. हे त्याचं शेवटचं वर्ष होतं.

इस्लामपूर मागे पडल्यावर तो उठला आणि विश्वजीतशेजारी येऊन बसला.

“एक इचारतो. खरं सांगायचं.”

“इचार की दादा.”

“शेवटच्या टायमाला, आतनं, एकदम आतनं, तू कुनाकडनं हुतास?”

मागच्या बाकावरची कुजबुज थांबली. विश्वजीतने एकदा त्या मातीच्या बोटांकडे बघितलं. फवारणीच्या वहीत खोटी नोंद करायची नाही, असं वडील नेहमी सांगत. पण ही काही फवारणीची वही नव्हती.

“तुमच्याकडनंच हुतो दादा,” तो खाली मान घालून म्हणाला. “लय प्रयत्न केला. सांगलीवर जीव बसलाच न्हाई.”

रविराजने मोठा श्वास सोडला. मग तो वळून मागच्या बाकांना म्हणाला, “ऐकलं का? मी म्हनलं न्हवतं? पोरगं आतनं आपल्याकडनं हुतं. मग हात सुटंल न्हाई तर काय हुईल.”

“तरीच,” मागून एकजण म्हणाला. “तसा दादाचा हात कवा सुटत न्हाई.”

“आरं पन त्याला बोलू नगा कोन,” रविराज म्हणाला. “प्रेम केलंय त्यानं. गुन्हा न्हाई केला.”

गाडीत हळूहळू आवाज सुरू झाले. डबे उघडले गेले. कुणी तरी विश्वजीतला चपाती आणि लोणच्याची फोड दिली, दुसऱ्याने खिडकीची जागा दिली. रविराजने त्याच्या खांद्यावर हात टाकून जाहीर केलं, की पुढच्या वर्षीपासून विश्वजीत हा संघाचाच माणूस, संघाच्या फोटोतही उभा राहील, फक्त फोटो सामना संपल्यावर काढायचा. सगळे हसले. विश्वजीतही हसला. हरलेला संघ इतका खूश असताना त्याने पहिल्यांदाच बघितला होता.

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. धन्यकुमारने फोटो पाठवला होता. हातात चषक, चेहऱ्याला माती, आणि कान दोन्ही बाजूंना. खाली लिहिलं होतं, ‘विश्या, तू आलास म्हनून जिंकलो. आता दर मॅचला यायचं.’

विश्वजीतने फोटो दोनदा बघितला आणि फोन मांडीवर उलटा ठेवला.

“कुनाचा मेसेज रं?” रविराजने विचारलं.

“मामीचा,” विश्वजीत म्हणाला. “उद्या मॅच हाय. दही आनायचं हाय.”